आधी उतरतं ते साडीगार्ड

आमच्या भागातल्या एका गॅरेजच्या मागच्या भिंतीशी साडीगार्डांचा ढीग असतो. काळ्या पट्ट्यांचे, जाळीचे, क्रोमचे. बहुतेकांवर ओरखडासुद्धा नाही. नवी गाडी घरी येते, हार घातला जातो, पेढे वाटून होतात आणि पुढच्या रविवारी मुलगा ती घेऊन गॅरेजात हजर होतो. मेकॅनिक पाना घेतो, दोन-तीन बोल्ट सोडवतो आणि गार्ड मागच्या ढिगात टाकतो. पाच मिनिटांचं काम. त्याचे वेगळे पैसेही लागत नाहीत, कारण मोठी कामं पुढे असतात: सायलेन्सर, हँडल, लाइट, टायर. परवा मी ब्रेक-शू बदलून घ्यायला थांबलो होतो, तेव्हा एक मुलगा दोन पावलं मागे सरकून आपल्या गाडीकडे बघत म्हणाला, "आता कशी मोकळी दिसते!" संध्याकाळी त्याच गाडीवर मागे त्याची आई बसलेली मला दिसली. दोन्ही पाय एका बाजूला, पदर खोचलेला, आणि उघडं चाक साडीच्या काठापासून चार बोटांवर फिरत होतं.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३ वा नियम याच चार बोटांसाठी आहे. मागे बसणाऱ्याला धरायला पक्की मूठ हवी, पाय ठेवायला फुटरेस्ट हवा आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निदान निम्मं झाकलेलं हवं, असं तो सांगतो. आपल्या बायका काय नेसतात आणि गाडीवर कशा बसतात, हे बघून केलेला हा नियम आहे. ओढणीचं टोक चाकात गेलं तर ती गळ्याभोवती आवळायला क्षणही लागत नाही. श्वासनलिका, मानेच्या रक्तवाहिन्या, मणके यांतलं काय आधी तुटेल हे फक्त नशिबावर. भारतातल्या डॉक्टरांनी असे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत वेळोवेळी नोंदवले आहेत. लहान मुलाची टाच स्पोकमध्ये जाऊन सोलवटून निघणं तर हाडांच्या डॉक्टरांच्या रोजच्या ओळखीचं आहे.

मॉडिफाय केलेल्या गाड्यांबद्दल आपल्याकडे भरपूर बोललं जातं, पण ते बहुतेक आवाजाबद्दल असतं. ते साहजिकच आहे. आवाज झोप मोडतो, आजारी माणसाच्या छातीत धडकी भरवतो. म्हणून पोलीस सायलेन्सर जप्त करतात, रस्त्यावर ओळीने मांडतात, वरून रोडरोलर फिरवतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. कारवाई योग्यच आहे. पण या प्रश्नाच्या सगळ्या बाजू एकत्र ठेवून पाहिल्या की मला दिसतं ते असं: आवाज करणारे बदल त्रास देतात, जीव घेणारे बदल बहुतेक मुके असतात. आणि त्यांची किंमत पुष्कळदा गाडीच्या मालकाआधी दुसऱ्याच कुणाला मोजावी लागते. मागे बसलेल्या बाईला, समोरून येणाऱ्या सायकलवाल्याला, रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्याला.

आधी आकडे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसं गेली. मेलेल्यांत दुचाकीवरचे ४४.५ टक्के. हेल्मेट न घातलेले ५०,०२९. महाराष्ट्रात त्या वर्षी १५,२२४ बळी गेले. या अहवालात वेग आहे, उलट्या बाजूने गाडी चालवणं आहे, दारू आहे, मोबाइल आहे, गाडीचं वय आहे. गाडीत फेरफार केलेला होता का, असा रकाना त्यात नाही. अपघातानंतर पंचनामा होतो, आरटीओचा निरीक्षक येऊन ब्रेक बघतो. पण टायर मूळ मापाचा आहे का, हेडलाइटमध्ये कुठला बल्ब आहे, साडीगार्ड होतं का, ही माहिती आकडेवारीपर्यंत पोचत नाही. त्यामुळे मॉडिफाय केलेल्या गाड्यांमुळे इतके अपघात होतात, असं ठोकून सांगणाऱ्याकडे आधार नसतो, आणि काही होत नाही असं म्हणणाऱ्याकडेही नसतो.

ज्यांनी मोजून पाहिलं त्यांच्याकडे वळावं लागतं. अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हॅरी हर्ट यांच्या चमूने लॉस एंजेलिस भागातल्या ९०० मोटरसायकल अपघातांचा जागेवर जाऊन तपास केला, शिवाय ३,६०० पोलीस अहवाल चाळले. १९८१ मध्ये आलेला हा हर्ट अहवाल आजही या विषयातला पाया मानला जातो. गाडी स्वतःहून मोडल्यामुळे झालेले अपघात त्यात तीन टक्क्यांहूनही कमी निघाले, आणि त्यांतही मुख्य कारण पंक्चरचं. म्हणजे वाहनात दोष नसतो, चालवणाऱ्यात असतो, असं कुणी म्हणेल. पण त्याच अहवालात आणखी एक निष्कर्ष आहे: हँडल, सीट, काटा बदलून 'सेमी-चॉपर' किंवा 'कॅफे रेसर' घाटाच्या केलेल्या गाड्या अपघातांत त्यांच्या वाट्यापेक्षा निश्चित जास्त आढळल्या. ही दोन्ही वाक्यं एकत्र वाचावी लागतात. बदललेली गाडी मोडून पडत नाही. ती ऐनवेळी हवं तेवढं ऐकत नाही, आणि तशी गाडी करून घेणारा ती चालवतोही जरा निराळ्या तऱ्हेने. यांतलं कुठलं कारण किती, हे सुटं करणं कठीण आहे. माझ्या मते दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात.

युरोपात फ्रान्स, जर्मनी, इटली, नेदरलँड्स आणि स्पेन या पाच देशांतल्या ९२१ अपघातांचा 'मेड्स' नावाचा अभ्यास झाला. अपघातात सापडलेल्या मोपेडपैकी सुमारे १८ टक्के मोपेडमध्ये वेग वाढवण्यासाठी फेरफार केल्याचं नुसत्या डोळ्यांनी दिसलं. मोपेडला तिथे वेगाची मर्यादा असते आणि पोरं ती उडवतात. त्यावर युरोपने फक्त पोरांना दंड लावला नाही. असे बदल सहजासहजी करता येऊ नयेत अशी गाडी बनवण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली.

आता आवाज. आपल्याकडे बुलेटला 'इंदोरी', 'पंजाब' अशा नावांचे सायलेन्सर लावतात. आतली जाळी आणि नळ्या काढल्या की धूर थेट बाहेर पडतो. चालत्या गाडीत किल्ली किंवा किल स्विच बंद-चालू करून 'फटाके' फोडले जातात. इंजिन फिरत राहतं, ठिणगी बंद असते, न जळलेलं पेट्रोल तापलेल्या नळीत जाऊन साठतं आणि तिथेच पेटतं. या खेळात वेगात असलेली गाडी क्षणभर विनाइंजिनाची होते. हात ब्रेकवर हवा तेव्हा किल्लीवर असतो. १७५ सीसीच्या वरच्या गाडीला कारखान्यातून बाहेर पडताना ८० डेसिबलची मर्यादा आहे, तर रुग्णालयाभोवतीच्या शांतता क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल एवढाच आवाज चालतो. डेसिबलचं माप सरळ चढत नाही. दहा वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. म्हणून नव्वदवर गेलेली गाडी ऐंशीच्या गाडीपेक्षा थोडीशीच मोठी वाजते, हा गैरसमज आहे.

'आवाज असला की लोक बाजूला होतात, उलट सुरक्षित असतं,' हा युक्तिवाद प्रत्येक गॅरेजात ऐकू येतो. हर्ट अहवालात त्याचं उत्तर आहे. अपघात घडवणारा धोका तीन-चतुर्थांशाहून अधिक वेळा समोरच्या ४५ अंशांच्या आत, डावी-उजवीकडे होता. सायलेन्सर तोंड करून असतो मागे. ज्याला सावध करायचं तो पुढे, आणि ज्याचे कान किटतात तो मागे.

दिव्यांबद्दल मला जास्त काळजी वाटते, कारण त्यांचा धोका दुसऱ्याच्या डोळ्यांत शिरतो. आपल्या पुष्कळ गाड्यांत ३५/३५ वॉटचा हॅलोजन बल्ब असतो. त्यामागचा आरसा, म्हणजे रिफ्लेक्टर, त्या बल्बच्या तारेची जागा मिलिमीटरमध्ये धरून बनवलेला असतो. त्याच खोबणीत बाजारातला एलईडी बसवला की प्रकाश वाढतो खरा, पण तो कुठे पडायचा याचा हिशोब बिघडतो. डिपर टाकला तरी उजेडाची धार समोरच्याच्या डोळ्यांवरच राहते. मालकाला मात्र रस्ता लख्ख दिसतो, म्हणून तो खूश असतो. दुभाजक नसलेल्या राज्यमार्गावर रात्री समोरून असा एक दिवा आला की तो गेल्यानंतरही काही क्षण पुढचं काहीच दिसत नाही. कडेने चालणारा ऊसतोड मजूर, दिवा नसलेली बैलगाडी, खड्डा, सगळं त्या काळोखात असतं. हँडलच्या दोन्ही बाजूंना लावलेल्या जास्तीच्या फोकस दिव्यांचं तेच. त्यांची वायर मूळ वायरिंग सोलून, टेप गुंडाळून जोडतात, रिले लावत नाहीत, फ्यूज उडायला लागला की मोठा टाकतात. मग वायर तापते, आणि ती जाते पेट्रोलच्या टाकीखालून.

याच्या उलटा प्रकारही चालतो. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकीचा दिवा इंजिन सुरू झालं की आपोआप लागतो. दिवसाही गाडी नजरेत यावी म्हणून ही सोय केली, आणि दिवसा दिवा लावल्याचा फायदा हर्ट अहवालानेही सांगितला होता. आपल्याकडे 'बॅटरी संपते' म्हणत पहिल्याच सर्व्हिसिंगला वेगळा स्विच बसवून तो बंद करतात. मागचं मडगार्ड कापून टेल लाइट सीटखाली सरकवतात, लाल रिफ्लेक्टर फेकून देतात, इंडिकेटर बोटाएवढे करतात. पावसाळ्यात त्या उघड्या चाकाचा चिखल मागच्याच्या हेल्मेटच्या काचेवर. आणि नंबरप्लेटवर ८०५५ चं 'बॉस', ४१४१ चं 'दादा'. धडक देऊन पळालेल्या गाडीचा नंबर जखमी माणसाने वाचायचा असतो, हे 'दादा' लिहून घेताना कुणाच्या मनात येत नाही.

टायर आणि हँडलचं शास्त्र थोडक्यात सांगतो. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात, मधला भाग फुगतो आणि रस्त्याला टेकणारा तुकडा मोठा होण्याऐवजी आकारच बिघडतो. गाडी वळणात आडवी व्हायला नको म्हणते, मग एकदम पडते. चाकाचा घेर बदलला की स्पीडोमीटर खोटं बोलतो, आणि एबीएस चाकाच्या फेऱ्यांवरून घसरण ओळखत असल्यामुळे त्याचा अंदाजही चुकतो. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. स्टंटसाठी त्याचा फ्यूज काढणारे महाभाग मी पाहिले आहेत. हँडल उंच केलं आणि केबल तीच ठेवली, तर पूर्ण वळवल्यावर ॲक्सिलरेटरची वायर ताणली जाते आणि यू-टर्न घेताना गाडी आपणहून रेस होते. मागचे शॉकअप उंच केले की पुढच्या काट्याचा तिरकेपणा कमी होतो, आणि गाडीला सरळ ठेवणारा गुण त्या तिरकेपणात असतो. वेगात हँडल थरथरायला लागतं त्याचं कारण पुष्कळदा हेच.

याच वाटेवरचा नवा प्रकार म्हणजे बॅटरीच्या स्कूटर. २५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतचा वेग असेल तर ती गाडी कायद्याने मोटार वाहन ठरत नाही. नोंदणी नाही, परवाना नाही, विमा नाही. शाळेतली मुलं आणि डिलिव्हरी करणारी मुलं या गाड्या वापरतात. कंट्रोलरमधली वेग अडवणारी वायर तोडली की तीच स्कूटर चाळीस-पंचेचाळीसने धावते. ब्रेक, टायर, फ्रेम पंचविसाच्याच हिशोबाची राहते. पंचविसावरून पंचेचाळीसवर गेलं तर थांबवायची ऊर्जा तिपटीहून जास्त होते. शिवाय या गाडीने कुणाला उडवलं तर विमा नसल्यामुळे जखमीला भरपाई कुठून मिळणार? राज्याच्या परिवहन विभागाने २०२२ मध्ये अशा फेरफार केलेल्या ई-बाइकविरुद्ध मोहीम काढली होती. ती एकदाच होऊन भागणारी गोष्ट नाही.

या सगळ्यांपेक्षा वेगळ्या कप्प्यात दुधाच्या गाड्या ठेवाव्या लागतात. पहाटे कुठल्याही तालुक्याच्या रस्त्यावर उभं राहा. लोखंडी अँगलची फ्रेम वेल्डिंग करून दोन्ही बाजूंना चाळीस लिटरचे कॅन अडकवलेली १०० सीसीची गाडी दिसेलच. अशा गाडीला चालकासह साधारण १३० किलो वजन झेपतं. पासष्ट किलोचा माणूस आणि दोन भरलेले कॅन म्हटलं तरी ती मर्यादा ओलांडली जाते, आणि बरेच जण चार कॅन नेतात. वजन मागच्या चाकाच्याही मागे लोंबतं, पुढचं चाक हलकं होतं, हँडल ऐकत नाही. कॅन अर्धवट भरलेला असेल तर आतलं दूध हिंदकळून ब्रेक मारल्यावर पुन्हा एक धक्का देतं. बाहेर आलेली फ्रेम शेजारून जाणाऱ्याचा गुडघा फोडते. हा बदल हौसेचा नाही, पोटाचा आहे. सायलेन्सरवाल्याला लावायचा दंड या माणसाला लावून काही साधणार नाही. त्याला मापात बनवलेली, आरटीओने तपासलेली फ्रेम परवडणाऱ्या दरात मिळायला हवी, आणि हे काम दूध संघ सहज करू शकतात.

एक बदल तर हवाच असतो. पोलिओने किंवा अपघाताने पाय गेलेल्या माणसाच्या स्कूटरला मागे दोन जास्तीची चाकं लावतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात 'ॲडॅप्टेड व्हेइकल' अशी स्वतंत्र व्याख्या आहे आणि कलम ५२ खाली या बदलाला वाट दिलेली आहे. अशी गाडी म्हणजे त्या माणसाची नोकरी, बाजार, मुलीची शाळा. पण ही चाकंही पुष्कळदा गल्लीतल्या फॅब्रिकेटरकडे अंदाजाने जोडली जातात. चार चाकांवर उभी गाडी वळणात आडवी होत नाही, त्यामुळे वेगात वळलं की ती बाहेर फेकते, आणि जास्तीच्या चाकांना बहुधा ब्रेक नसतो. ज्यांना पडणं सगळ्यांत महाग पडतं त्यांच्याच गाडीचं काम सगळ्यांत कच्चं असावं, याचा मला फार राग येतो.

कायदा कच्चा नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणीपत्रातला, उत्पादकाने मुळात दिलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हे पुन्हा ठणकावून सांगितलं. कलम १८२-अ प्रमाणे असा फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि फेरफार करून देणाऱ्या डीलरला गाडीमागे एक लाख रुपये दंड. कायद्याच्या व्याख्येत 'डीलर' या शब्दात गाड्या दुरुस्त करणाराही येतो. पण रस्त्यावर पकडला जातो तो बहुतेक गाडीवर बसलेला मुलगा. ज्याने बसवून दिलं तो, आणि 'फक्त ऑफ-रोड वापरासाठी' एवढी ओळ छापून ऑनलाइन विकणारा, दोघेही सुटतात.

तपासणीची जागाही मधल्या मध्ये रिकामी आहे. खाजगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्या पंधरा वर्षांत कुणी तिचा ब्रेक, दिवा, टायर बघत नाही. पीयूसीवाला नळी सायलेन्सरमध्ये खुपसतो आणि धुरातला वायू मोजतो. सायलेन्सर मूळचा आहे का, हे बघणं त्याच्या कामात नाही. जपानमध्ये २५० सीसीच्या वरच्या गाडीची पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी होते. जर्मनीत सुटा भाग विकत घेतानाच त्याच्यासोबत मान्यतेचा कागद येतो. तो नसेल तर तपासणी करून गाडीच्या कागदपत्रांत नोंद करावी लागते, नाहीतर गाडीची रस्त्यावर यायची परवानगीच जाते. तिथे हौस मेलेली नाही. उलट चांगलं काम करणाऱ्याला मान आहे.

तसं कसब आपल्याकडेही आहे. मुंबईच्या अक्षय वर्दे यांच्या 'वर्देंची'ने बनवलेल्या गाड्या पाहिल्या की या कामात किती विचार लागतो ते कळतं. आमच्या पिढीने यामाहा आरएक्स १०० वर जीव टाकला, तिचं पोर्टिंग करून घेण्यासाठी पगार घातले. त्या ओढीला मी वाईट म्हणणार नाही. मला हवी आहे ती वाट. हेल्मेटवर आयएसआयचा शिक्का २०२१ पासून सक्तीचा झाला. हँडल, सायलेन्सर, दिवे, कॅनची फ्रेम, जास्तीची चाकं यांनाही तसा शिक्का देता येईल. पुण्यातली एआरएआय ही संस्था १९६६ पासून वाहनं तपासते आहे आणि पेट्रोलची गाडी बॅटरीवर करण्याच्या किटला आपल्याकडे मान्यता मिळतेच. शिक्क्याचा भाग बसवा, आरटीओत नोंद करा, निर्धास्त फिरा. बिनशिक्क्याचा विकला तर दुकानदारापासून सुरुवात. आणि पीयूसीच्या वेळी आणखी चार गोष्टी बघा: दिवा, टायर, नंबरप्लेट, साडीगार्ड. दोन मिनिटांचं काम आहे.

ब्रेक-शू बसेपर्यंत मी त्या मेकॅनिकला विचारलं, हे गार्ड परत बसवायला कुणी येतं का. "येतात ना," तो म्हणाला, "लग्न ठरलं की येतात. काही जण बायको पहिल्यांदा माहेराहून यायच्या आदल्या दिवशी." आईसाठी म्हणून कुणी? तो थोडा थांबला. एक जण आला होता म्हणाला, पण तेव्हा आईच्या पायाला प्लास्टर होतं. मग तो ढिगाकडे गेला, चार-पाच गार्ड बाजूला सारले आणि सकाळच्या त्या मुलाचं गार्ड काढून फडक्याने पुसलं. "याचा नंबर आहे माझ्याकडे. संध्याकाळी फोन करतो," म्हणाला, आणि बोल्ट हरवू नयेत म्हणून ते गार्डच्याच पट्टीला टेपने चिकटवून ठेवले.